घोड्याची आयाळ : निगा व गुंफण

मार्गशीर्ष महिना जवळ आला की नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेची आणि तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची तयारी सुरू होते. जालना जिल्ह्यात असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली, त्या काळी घोडा हे लढाईचे जनावर होते. आज तो बहुधा वरातीसाठी आणि हौसेखातर पाळला जातो. अशा घोड्यास प्रदर्शनात उभे करताना किंवा बाजारात विकावयास नेताना आयाळ नीट गुंफलेली असली तर मानेची ठेवण स्पष्ट दिसते. गुंफणीचा हेतू एवढाच आहे. भडक गोंड्यांनी मान झाकून टाकल्यास पाहणाऱ्याचे लक्ष गोंड्यांकडे जाते आणि जाणत्या गिऱ्हाइकास, हा काय लपवीत आहे, अशी शंका येते.

युरोपीय पद्धतीच्या प्रदर्शनांत आयाळ आखूड करून तिच्या लहान लहान वेण्या घालतात व प्रत्येक वेणी दुमडून मानेवर तिची गाठोडी बसवितात. आपल्याकडील मारवाडी व काठेवाडी घोड्यांची लांब आयाळ हे त्यांचे भूषण मानले जाते. तेव्हा त्या पद्धतीचे अनुकरण करून कात्री चालवू नये. कापलेली आयाळ पूर्ववत लांब होण्यास वर्षे लागतात. लांब आयाळीस मुलींच्या सागरवेणीसारखी मानेच्या कडेने जाणारी एकच वेणी शोभते.

या कामाचा आरंभ यात्रेपूर्वी निदान महिनाभर झाला पाहिजे. आयाळ रोज हातांनी मोकळी करावी. गुंता झाल्यास प्रथम बोटांनी सोडवावा, मग रुंद दातांच्या फणीने टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे विंचरीत जावे. मुळापासून ओढल्यास केस तुटतात व आयाळ विरळ होते. अंगास वापरावयाचा लोखंडी खरारा आयाळीस कदापि लावू नये. केस मुळाशी तुटके दिसत असतील, घोडा खुंट्यास मान घाशीत असेल, तर उवा, गजकर्ण किंवा माश्या-चिलटांच्या चाव्याने आलेली खाज यांचा संशय घ्यावा. अशा मानेवर वेणी घालणे म्हणजे जखमेवर दागिना चढविणे होय. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.

गुंफण्याच्या दोन-तीन दिवस आधी आयाळ सौम्य साबणाने धुवावी व साबणाचा अंशही राहू देऊ नये, कारण राहिलेल्या साबणाने खाज सुटते. मार्गशीर्षातील सकाळ थंड असते, म्हणून हे काम दुपारच्या उन्हात करावे. अगदी आदल्या दिवशी धुतलेले किंवा तेल लावलेले केस बोटांतून निसटतात व वेणी सैल पडते. गुंफताना ओल्या फडक्याने केस किंचित दमट केले की पुरे.

घोडा शांत जागी उभा करून ओळखीच्या माणसाच्या हाती दोर द्यावा. घोडा उंच असल्यास भक्कम लाकडी खोक्यावर उभे राहावे. पालथ्या घमेल्यावर चढू नये, ते सरकते आणि आवाजाने जनावर बुजते. लगामाचा पट्टा जेथून जातो त्याच्या मागून तीन सारख्या बटा घेऊन वेणीस आरंभ करावा. प्रत्येक पेडास खालची नवी बट घेत खोगिराच्या जागेपर्यंत जावे. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. घोडा चरावयास मान खाली घालतो तेव्हा मानेची वरची कड लांबते. मान उंच असताना ताणून घातलेली वेणी त्या वेळी मुळांना ओढ लावते, घोडा डोके झटकू लागतो व पुढे मान घासून वेणीसह केसही गमावतो. म्हणून मान खाली असताना गुंफावे, आणि वेणीखाली बोट सहज जाईल इतकी ढिलाई ठेवावी. शेवट लोकरीच्या किंवा सुती धाग्याने बांधावा. रबर केस तोडते. सुई न वापरणेच बरे, कारण हातून पडलेली सुई कडब्यात जाऊन घोड्याच्या पोटात जाण्याचे भय असते.

प्रदर्शनासाठी केसांच्या रंगाचा धागा घ्यावा. वरातीस लाल-पिवळा धागा चालेल, परंतु त्यात आरशाचे तुकडे अगर तारा नसाव्यात.

यात्रेत शेजारच्या घोड्यासाठी फणी, खरारा, फडके व पाण्याची बादली मागण्याची रीत आहे. ती मोडली पाहिजे. उवा व गजकर्ण तर यातून पसरतातच, पण ग्लँडर्स हा घातक रोगही दूषित पाणी, चारा व सामान यांमधून पसरतो. नाकातून घट्ट चिकट स्राव येणे, कातडीवर गाठी येऊन त्या फुटणे, ही त्याची लक्षणे होत. तो माणसालाही होतो व त्यावर लस नाही. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगविषयक कायद्यान्वये त्याची खबर देणे बंधनकारक आहे. लक्षणे न दिसणाऱ्या घोड्यातही रोग असू शकतो, यासाठी रक्ततपासणी करतात. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाच्या निदानाचे काम करते. तपासणीस दिवस लागतात. तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील घोडेवाल्यांची यादी करून त्यांची गाठ यात्रेपूर्वी पुरेशा अवधीने पशुधन विकास अधिकाऱ्यांशी घालून द्यावी.

प्रदर्शन संपल्यावर त्याच दिवशी सायंकाळी वेणी सोडावी. रात्रभर ठेवलेल्या वेणीने घोडा मान घासतो. धागा बोथट टोकाच्या कात्रीने कापावा, आणि केसांच्या रंगाचा धागा असेल तर दिवा जवळ घेऊन कापावा, अन्यथा धाग्यासोबत बटही हाती येते. नंतर केस बोटांनी मोकळे करून मुळाशी ओला हात फिरवावा.