विजेच्या गाडीचे सॉकेट

बल्लारपूरहून वर्धा नदीचा पूल ओलांडला, की राजुरा लागते. या तालुक्याच्या पोटात दगडी कोळसा आहे. सास्ती येथे त्याच्या खाणी आहेत. जिल्ह्याच्या मुख्य गावी, चंद्रपूरला, असा कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेच्या जोरावर वीज निर्माण करतात. तेथील महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरहून निघालेली एक वीजवाहिनी थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत गेली आहे. तिची लांबी ७५२ किलोमीटर! डोंगर, नद्या आणि अरण्ये ओलांडून वीज हा प्रवास बिनबोभाट करते. परंतु घराच्या भिंतीपर्यंत पोहोचल्यावर, प्लगची पिन सॉकेटमधील पितळेला जेथे टेकते त्या बोटभर जागेत, तीच वीज कधी कधी अडखळते. अशा अडखळण्याने घरेही जळाली आहेत.

ही गोष्ट पूर्वी फारशी कोणाच्या ध्यानात येत नसे. दिवे, पंखे, रेडिओ यांना वीज लागते ती अल्प. हल्ली मात्र मोटारीही घरच्या विजेवर चालू लागल्या आहेत. बंगळूर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही चिमुकली मोटार २००१ साली रस्त्यावर आली. तीही घरातील १५ अँपिअरच्या सॉकेटला जोडूनच चार्ज करीत असत. पुढे जानेवारी २०२० मध्ये टाटा मोटर्सची विजेवर चालणारी ‘नेक्सॉन’ बाजारात आली. तिच्या त्या पहिल्या बॅटरीत ३०.२ किलोवॅट-तास, म्हणजे सुमारे ३० युनिट, वीज मावत असे. घरच्या मोठ्या सॉकेटमधून २३० व्होल्ट दाबाने १५ अँपिअर धारा घेतली, तर तासाला साडेतीन युनिटांच्या आतबाहेर वीज मिळते. भागाकार करून पाहिला, तर रिकामी बॅटरी भरावयास जवळजवळ नऊ तास लागतात, असे दिसून येईल.

नऊ तास! इस्त्रीला इतका वेळ कोणी लावीत नाही. शिवाय इस्त्री पुरेशी तापली की आपोआप बंद होते व निवली की पुन्हा सुरू होते. सॉकेटला तेवढीच विश्रांती मिळते. पाणी तापविण्याचा गिझरही थोड्या वेळात आपले काम उरकतो. मोटार तशी नव्हे. घरातील सर्व मंडळी झोपेत असताना ती रात्रभर पूर्ण धारा ओढीत राहते. एखादा हमाल धान्याचे पोते उचलून दारापर्यंत नेतो, म्हणून तो तेच पोते पाठीवर घेऊन रात्रभर उभा राहील काय?

तारेतून वीज वाहू लागली की तार तापते. या तापण्याचा नियम इंग्लंडमधील जेम्स जूल या तरुणाने १८४१ साली जगापुढे मांडला. त्या वेळी त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. पाण्याच्या भांड्यात तारेचे वेटोळे बुडवून, तारेतून वीज सोडून, पाणी किती तापते हे तो तापमापकाने मोजीत असे. त्याला असे आढळले, की धारा दुप्पट केली तर उष्णता दुप्पट होत नाही, ती चौपट होते. आणि धारा तिप्पट केली तर उष्णता नऊपट होते. उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असा तो नियम.

हा नियम सॉकेटला लावून पाहू. सॉकेटच्या आत पितळेच्या दोन पाकळ्या असतात व त्या पिनेला चिमट्यासारख्या धरून ठेवतात. पाकळ्या सैल झाल्या, किंवा मागच्या बाजूस तार धरणारा स्क्रू ढिला राहिला, तर त्या ठिकाणी विजेला रोध होतो. हा रोध केवळ ०.१ ओहम आहे असे मानू. हजार वॅटची इस्त्री सव्वाचार-साडेचार अँपिअर धारा घेते. तेव्हा त्या ढिल्या जागी दोन वॅटच्या आसपास उष्णता निर्माण होते व ती कोणाला जाणवतही नाही. मोटार १५ अँपिअर घेते. १५ गुणिले १५ गुणिले ०.१ म्हणजे साडेबावीस वॅट! रेडिओ दुरुस्त करणारा ज्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळवितो, ते बहुधा २५ वॅटचे असते. म्हणजे भिंतीच्या आत जवळजवळ तसलेच एक हत्यार रात्रभर पेटते ठेवण्याचा हा प्रकार झाला.

पुढचा भाग अधिक वाईट आहे. पितळ फार तापले की त्याची पकड ढिली पडते. पकड ढिली झाली की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. सॉकेटच्या भोकांभोवती प्रथम तपकिरी डाग दिसतो, मग जळकट वास येऊ लागतो. घरातील एमसीबी मात्र स्वस्थ असतो. धारा प्रमाणाबाहेर गेली तरच तो पडतो. येथे धारा पंधराची पंधराच आहे, वाढली आहे ती केवळ उष्णता. लोक एमसीबीवर फार विसंबतात, परंतु या दुखण्यावर तो उतारा नव्हे.

त्यातून हा मुलूख चंद्रपूरचा. मे महिन्यात येथे पारा ४७ अंशांच्या आसपास जातो. घरातील नेहमीच्या वायरीवर जे पीव्हीसीचे वेष्टन असते, ते ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते. थंड हवेच्या गावी, ३० अंशांवर, तारेला तापावयास ४० अंशांची सवड मिळते. राजुऱ्याच्या उन्हाळ्यात ती केवळ २३ अंश उरते. म्हणून पुस्तकात पुरेशी सांगितलेली तार येथे अपुरी पडू शकते.

यावर उपाय म्हणून फ्रान्समध्ये घरी एक निराळे सॉकेट बसवितात. ‘मजबूत केलेले सॉकेट’ अशाच अर्थाचे त्याचे नाव आहे. दिसावयास ते नेहमीसारखेच असते. परंतु त्याच्या पाकळ्या जाड, पकड घट्ट, आणि बाहेरचे कवच अधिक उष्णता सोसणारे असते. तेथे साध्या सॉकेटला गाडी जोडली, तर तिला बहुधा ८ ते १० अँपिअरच धारा घेऊ देतात. मजबूत सॉकेटवर ही मर्यादा वाढते. आपल्याकडेही जाड पितळेची १६ अँपिअरची चांगली सॉकेटे मिळतात. तथापि सॉकेट बदलले आणि मागची तार जुनीच ठेवली, तर उपयोग काय?

समजा, राजुऱ्यातील एका शिक्षकांच्या घरी अशी मोटार आली आहे. परवानाधारक वायरमन काम पाहावयास आले आहेत आणि शिक्षकांची सातवीतील मुलगी त्यांच्यामागे फिरत आहे.

“काका, स्वयंपाकघरात मोठे सॉकेट आहे. तेथून लांब वायर आणली तर नाही का चालणार?”

“नाही बेटा,” वायरमन म्हणाले, “त्याच तारेवर फ्रिज आहे, मिक्सर आहे. आणि लांब वायर म्हणजे मध्ये आणखी एक जोड. जितके जोड, तितक्या तापण्याच्या जागा. गाडीला मीटरपासून स्वतंत्र तार हवी.”

मग ते शिक्षकांकडे वळले. “सर, आधी मंजूर भार किती आहे ते वीजबिलावर पाहा. कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्यावा लागेल.”

काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी मेन स्विच बंद केला व टेस्टर लावून खात्री करून घेतली. मीटरजवळच्या पेटीपासून चार चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नळीतून नेली. तिच्यासाठी २० अँपिअरचा वेगळा एमसीबी बसविला. सॉकेटची जागा त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर घेतली नाही, कारण दुपारच्या उन्हाने ती भिंत तव्यासारखी तापते. उत्तरेच्या भिंतीवर, छपराखाली, पावसाचे पाणी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर त्यांनी सॉकेट लावले. प्रत्येक स्क्रू एकदा आवळला, तार ओढून पाहिली आणि पुन्हा आवळला. शेजारी एक भक्कम खुंटीही ठोकली. गाडीच्या केबलवर एक जड डबी असते. ती लोंबकळत राहिली तर तिच्या भाराने प्लग खाली ओढला जातो व पाकळ्या एका बाजूने ढिल्या होतात. खुंटीला चार पैसेही पडत नाहीत, पण पुष्कळ घरी नेमकी तीच राहून जाते.

सर्वांत अधिक वेळ गेला तो अर्थिंगला. अंगणात खोल खड्डा खणून त्यात कोळसा व मीठ यांच्या थरांमध्ये अर्थिंग बसविले. गाडीच्या पत्र्यात चुकून वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगातून न जाता या वाटेने जमिनीत जावी, हा त्याचा हेतू. पेटीत आरसीसीबी नावाचा आणखी एक रक्षकही बसविला. गेलेली धारा व परत आलेली धारा यांची तो सतत तुलना करतो. दोहोंत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे १५ अँपिअरच्या पाचशेव्या हिश्शाएवढी वीज जरी भलत्या वाटेने गेली, तरी तो निमिषात प्रवाह तोडतो. इतकी सूक्ष्म गळती एमसीबीला कळतही नाही. माणसाच्या हृदयाला मात्र तेवढ्याच्या आसपासचा धक्का जिवावरचा ठरू शकतो.

रात्री गाडी जोडल्यावर तासाभराने वायरमननी प्लगच्या बाहेरच्या अंगाला हात लावून पाहिले. तो जेमतेम कोमट होता. जाताना त्यांनी शिक्षकांना आरसीसीबीवरील तपासणीचे बटण दाखविले. ते अधूनमधून दाबावे व रक्षक पडतो की नाही हे पाहावे, प्लगच्या पिनांवर काळा डाग आढळल्यास गाडी जोडू नये, आणि उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतीत जावे, असे त्यांनी सांगितले. पाण्याचे काम मुलीने आपल्याकडे घेतले.