दुकान पवनारात, किरायादार नागपुरात: चार बिऱ्हाडांच्या घराचा खरा हिशेब



या आठवड्याच्या व्हिडिओत मी आमच्या नागपूरच्या घराचे आकडे सांगितले, पण दहा मिनिटांत सगळं धावत गेलं. आकडे ऐकण्यापेक्षा वाचलेले बरे, म्हणून इथे नीट लिहिते. वही-पेन घेऊन बसा.

आपल्या वर्धा-सेलू-हिंगणघाटकडच्या दुकानदाराजवळ चार पैसे साठले की पहिला विचार काय येतो? "नागपूरला काहीतरी घेऊन टाकू." फ्लॅट नको, एखादं जुनं घर घेऊ, त्यात तीन-चार बिऱ्हाडं ठेवू, दर महिन्याला किराया येत राहील. मीपण हेच केलं. २०२२ च्या दिवाळीनंतर हिंगणा रोडच्या बाजूला, जयताळ्याकडे एक घर घेतलं. खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन. हिंगण्याची एमआयडीसी जवळ, मेट्रोचं लोकमान्य नगर स्टेशनही फार लांब नाही. दलाल म्हणाला, "मॅडम, इथं खोली रिकामी राहतच नाही." तो अगदीच खोटं बोलत नव्हता. किरायादार मिळतात. माझं गणित चुकलं ते दुसरीकडे.

आधी दलालाचा हिशेब बघा. घर ५२ लाखांचं. चार बिऱ्हाडं, प्रत्येकी ५,५०० किराया, म्हणजे महिन्याला २२,००० आणि वर्षाला २,६४,०००. ५२ लाखांवर शेकडा पाच. वर "जागेचा भाव तर वाढतोच आहे". मी बीबीए झालेली, दुकान चालवते, लोकांना हिशेब शिकवते, आणि तरी या एका ओळीवर खूश झाले होते.

आता माझा हिशेब. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, दलाली, वकील मिळून सव्वाचार लाख गेले. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. ती मी घेतली, तुम्हीही विचारा.) रंग, नळ, संडासाची लाइन यात सव्वा लाख. म्हणजे घर पडलं साडेसत्तावन्न लाखांना, ५२ ला नाही. टक्के काढायचे ते या आकड्यावर.

पहिल्या वर्षी एक बिऱ्हाड तीन महिने रिकामं राहिलं, दुसरं दोन महिने. पाच महिन्यांचे २७,५०० गेले. हातात आले २,३६,५००. त्यातून घरटॅक्स ११,०००. जिन्याचा लाइट, पाण्याची मोटर, टाकीची सफाई १४,४००. बाजूच्या गल्लीतला एक मुलगा 'लक्ष ठेवायला' महिन्याला १,५०० घ्यायचा, ते १८,०००. दुरुस्ती ३१,०००. किरायादार शोधणं आणि करारनामे ९,०००. आणि शेवटची ओळ, जी कोणीच लिहीत नाही: माझ्या चकरा. वर्षात १४ वेळा नागपूर. पेट्रोल, जेवण आणि त्या दिवशी दुकान बंद, म्हणजे एका चकरेला २,५०० धरा. झाले ३५,०००.

एकूण खर्च १,१८,४००. उरले १,१८,१००. साडेसत्तावन्न लाखांवर शेकडा दोन! एफडीत यापेक्षा कितीतरी जास्त मिळाले असते, तेही पवनारात बसून.

त्यात कर्ज होतं. २५ लाख, साडेआठ टक्क्यांनी, १५ वर्षांसाठी. हप्ता साधारण २४,६००. घरातून महिन्याला दहा हजारही येत नव्हते, म्हणजे उरलेले पावणेपंधरा हजार दर महिन्याला दुकानाच्या गल्ल्यातून जायचे. त्या उन्हाळ्यात कूलरचा माल भरायला माझ्याकडे पैसे नव्हते. इलेक्ट्रिकलच्या दुकानात एप्रिलमध्ये कूलर नाही, आणि तेही वर्ध्याच्या उन्हाळ्यात! गिऱ्हाईक वर्ध्याला गेलं. आमचे हे काही बोलले नाहीत, पण सासूबाई बोलल्या, "दुकान उपाशी ठेवून घर पोसते काऊन?" त्या रात्री मी वही काढून वरचा हिशेब पहिल्यांदा पूर्ण लिहिला.

वहीत सगळ्यात जास्त डोळ्यांत भरली ती १४ चकरांची ओळ. पवनार ते जयताळा सत्तरेक किलोमीटर. रस्ता चांगला आहे, गाडी दीड तासात पोचते. मी मनात म्हणत होते, "जवळच तर आहे." पण लांब-जवळ हे किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, वर्षात किती वेळा स्वतः जावं लागतं त्यात मोजायचं. मोटर बंद पडली, चक्कर. वरच्याचं सांडपाणी खालच्याच्या भिंतीत, चक्कर. किल्ली द्यायला चक्कर, खोली दाखवायला चक्कर, आणि समोरचा माणूस आलाच नाही तर रिकाम्या हाताने परत.

लाइट बिलाचं भांडण तर ऐकाच. वरच्या दोन्ही बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या १०० युनिटना कमी दर, १०० च्या पुढे बराच जास्त. दोन बिऱ्हाडांनी आपापले शंभर-शंभर युनिट जाळले तरी मीटरवर दिसतात २००, म्हणजे पुढचे शंभर महाग दराने. दोघंही म्हणायचे, दुसराच जास्त जाळतो. दोघंही खरे होते, मीटर एक होतं! मी रोज मीटरच्या पेट्या विकते आणि घर घेताना मीटर मोजले नाहीत. घर बघायला जाल तेव्हा खोल्यांआधी मीटर मोजा.

त्याहून मोठी गोष्ट नकाशाची. बँकेचा माणूस मूल्यांकनाला आला आणि त्याने तीनच बिऱ्हाडं धरली. वरचं मागचं बिऱ्हाड मंजूर नकाशात नव्हतंच, नंतर बांधलेलं. विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. मला ३० लाख कर्ज हवं होतं, मिळालं २५. उरलेले पाच कुठून आणले ते विचारू नका. (सोनं.) त्यामुळे आता शिकवताना मी सांगते: जे बिऱ्हाड नकाशात नाही त्याचा किराया हिशेबात धरायचा नाही. उद्या महापालिकेची नोटीस आली तर तो आकडा शून्य होतो. विक्रीपत्रांची साखळी, आखीव पत्रिका किंवा सातबारा, मंजूर नकाशा, आणि नागपुरात लेआउटमधलं घर असेल तर आरएल लेटर, हे सगळं वकिलाला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका. शहराबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत घेत असाल तर एक लक्षात ठेवा, पंचायतीचा नमुना आठ हा टॅक्सच्या आकारणीचा कागद आहे. फक्त तो हातात आहे म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

किरायादाराबरोबरच्या कागदाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि लांबच्या मालकाला तोच सगळ्यात जास्त लागतो. आमचे सासरे म्हणायचे, "किरायादार म्हणजे घरजावई, आला की जात नाही." त्यांच्या काळात ते खोटं नव्हतं. आपल्या विदर्भात १९४९ चा सीपी अँड बेरारचा भाडेनियंत्रण आदेश चालायचा. घर खाली करा अशी नोटीस द्यायलाही मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागायची. मुंबईकडे १९४७ चा कायदा, मराठवाड्यात हैदराबादचा. ३१ मार्च २००० पासून या तिन्हींच्या जागी महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला तर अटींबद्दल किरायादार जे सांगेल ते धरलं जातं, जोपर्यंत तुम्ही उलट सिद्ध करत नाही. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून फाइलला लावलेला करार म्हणजे नोंदणी नाही.

लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस गेला नाही, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. नोंदणी आता ऑनलाइन होते, आधार आणि अंगठ्यावर. मी पवनारातून अंगठा देते, किरायादार नागपुरातून. एक चक्कर वाचली! पोलीस ठाण्यात किरायादाराची माहिती द्यायला मात्र विसरू नका.

इन्कम टॅक्सचं थोडक्यात. किरायातून भरलेला घरटॅक्स वजा होतो आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, खर्च कमी होवो की जास्त. मला सूट मिळाली ६७,६५०, प्रत्यक्षात गेले होते १,०७,४००. कर्जाचं व्याजही वजा होतं, पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा दुकानाच्या नफ्यातून वळता करता येत नाही. घर घेण्याआधीच सीएकडे जा, मार्चमध्ये नको.

मग दुसऱ्या वर्षी मी काय बदललं? एकच मोठी गोष्ट. गल्लीतल्या मुलाला बंद केलं आणि खालच्या बिऱ्हाडातल्या ताईंना विचारलं. त्यांचे मिस्टर एमआयडीसीत, त्या घरीच असतात. आधी एकदा नळासाठी मी धावत गेले होते तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "मॅडम, तुम्ही काऊन येता एवढ्यासाठी? मी पाहून घेते न जी." त्यांना किरायात १,५०० ची सूट दिली, तेवढेच पैसे जे त्या मुलाला जात होते. किल्ल्या त्यांच्याकडे. प्लंबर आणि मोटरवाला ठरलेले, ५०० पर्यंतचं काम मला न विचारता करायचं, त्यावर व्हिडिओ कॉल. वरच्यांना वेगळं मीटर घेऊन दिलं.

चकरा १४ वरून ५ वर आल्या. रिकामे महिने पाचाचे दोन झाले, कारण खोली दाखवायला माणूस तिथेच आहे. दुरुस्ती ३१,००० ची १२,००० झाली. वर्षाअखेर उरले १,८०,१००. शेकडा तीनच्या जरासं वर. अजूनही एफडीपेक्षा कमीच, आणि नकाशाबाहेरच्या बिऱ्हाडाचा किराया काढला तर आणखी खाली. जागेचा भाव वाढला असेल, पण विकेपर्यंत तो माझ्या वहीत येत नाही.

पुन्हा घेईन का? हे घर, या भावात, एवढं कर्ज काढून, नाही. पहिलं किरायाचं घर तर मी सावंगी मेघेला बघितलं असतं. मेडिकल कॉलेज आहे, मुलं-मुली खोल्या शोधतात. सुट्ट्यांत खोल्या रिकाम्या पडतात हे खरं, पण अर्ध्या तासात जाऊन दुकान उघडायच्या वेळेला परत येता येतं. नागपूर, पुणे दुसऱ्या नंबरला, तेही तिथे आपल्या बाजूने उभं राहणारं माणूस आधी मिळालं तरच. घर शोधायला निघण्याआधी ते माणूस शोधा.

व्हिडिओखाली हिशेबाचा तक्ता दिला आहे. त्यात 'चकरा' हा रकाना रिकामा ठेवू नका. येत्या रविवारी जयताळ्याची टाकी साफ होणार आहे. ताई उभ्या राहून करून घेतील, मी दुकानात आहे. कूलर आलेत.