लॅपटॉप घेण्याआधी आकडे वाचा

बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी काय करतो? शिंगांच्या रंगाला तो भुलत नाही. दात पाहतो. खूर पाहतो. चार पावले चालवून पाहतो. मग भावाचे बोलतो. पण हाच शहाणा माणूस लॅपटॉप घ्यायला गेला की गोंधळतो. दुकानदार म्हणेल ती पूर्व दिशा!

असे का व्हावे? खोक्यावर इंग्रजी अक्षरे असतात, म्हणून माणूस बिचकतो. पण मंडळी, अक्षरे इंग्रजी असली तरी आकडे तुमच्या ओळखीचेच आहेत. मोबाईलवर, विजेच्या बिलावर, एसटीच्या तिकिटावर तुम्ही ते रोज वाचता. लॅपटॉपचे दात आणि खूर म्हणजे हेच आकडे. ते कसे वाचायचे, हे आज आपण शिकू.

कोणाला कोणता?

टेबलावरच्या संगणकाचे तीन भाग असतात. पेटी, पडदा आणि बटणांची पाटी, म्हणजे कीबोर्ड. हे सारे तारांनी जोडलेले असते. वीज गेली की तो बंद पडतो. चालू राहावा असे वाटले तर बॅटरीची वेगळी पेटी ठेवावी लागते.

लॅपटॉपमध्ये हे सगळे एकातच असते. बॅटरीही आतच असते. वीज गेली तरी काही तास काम चालते. म्हणून पुष्कळ घरांत जुना टेबलावरचा संगणक मोडला की त्याच्या जागी मोठ्या पडद्याचा लॅपटॉप आणतात. तो रोज टेबलावरच असतो, पण गरज पडली तर उचलून शाळेत किंवा ग्रामपंचायतीत नेता येतो.

एक गोष्ट मात्र खरी सांगितली पाहिजे. तुमच्याकडे वीज जात नसेल आणि संगणक कधीच हलवायचा नसेल, तर टेबलावरचाच बरा. तेवढ्याच पैशांत तो जास्त काम देतो. त्याचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. लॅपटॉपची दुरुस्ती महाग पडते.

आधी काम, मग दुकान

आमच्या गावातल्या एका घराची गोष्ट सांगतो. घरात आजोबा, आई-बाप आणि कॉलेजात शिकणारी मुलगी. आई महिला बचत गटाचे हिशेब लिहिते. गट पापड आणि मसाले विकतो. घरचा जुना संगणक बंद पडला होता. नव्यासाठी ४५ हजार रुपये जमले होते. त्यांतले ३० हजार गटाचे कर्ज होते. ती बाई आमच्याकडे आली.

"गुरुजी, पोरगी म्हणते, मोठा पडदा पाहिजे. हे म्हणतात, स्वस्तातला बघा. दुकानदार म्हणतो, खेळाचा घ्या, साठ हजारांचा. आम्ही करायचं काय?"

आम्ही विचारले, "ताई, त्यावर खेळ कोण खेळणार?"

"कुणीच नाही."

"मग खेळाचे पैसे कशाला द्यायचे?"

ताई हसल्या. मग आम्ही कागद घेतला आणि घरातली कामे लिहून काढली. आईचे हिशेब आणि पापडाच्या पाकिटांवरच्या चिठ्ठ्या. मुलीचे धडे, चित्रफिती आणि कॉलेजचे लिखाण. आजोबांना कीर्तन ऐकायचे आणि पाहायचे, पण त्यांची नजर अधू. म्हणजे पडदा मोठा हवा, अक्षर स्पष्ट हवे, आवाज नीट हवा. भारी खेळांसाठी लागणारी महागडी चकती नको.

कागद तयार झाला आणि निम्मा गोंधळ तिथेच संपला. तुम्हीही घरून निघण्याआधी असा कागद करा.

पहिला आकडा : पडद्याचे इंच

पडदा आडवा मोजत नाहीत, उभाही मोजत नाहीत. एका कोपऱ्यापासून समोरच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात. शिंप्याची टेप घ्या आणि मोजून पाहा.

बाजारात नेहमी दिसणारी मापे तीन. १४ इंच, १५.६ इंच आणि १७.३ इंच. नेहमीच्या रुंद आकाराच्या पडद्यांची जागा साधारण अशी भरते :

१४ इंच – ८४ चौरस इंच
१५.६ इंच – १०४ चौरस इंच
१७.३ इंच – १२८ चौरस इंच

पाहा, आकडा दीड-पावणेदोन इंचांनीच वाढला. पण जागा दर वेळी पाव हिश्शाच्या आसपास वाढली. जमिनीचेही असेच असते. बांध थोडा सरकला तरी क्षेत्र बरेच बदलते.

मग १७.३ चाच घ्यावा का? या मापाचे लॅपटॉप कमी मिळतात. ते जड असतात आणि बहुतेक महाग असतात. बेताच्या पैशांत १५.६ इंच हे बऱ्याच घरांना पुरते माप आहे. हल्ली १६ इंचांचे थोडे उंच पडदेही मिळतात. त्यांत लिखाणाच्या जास्त ओळी मावतात.

आणखी मोठे पाहायचे असेल तर घरातला टीव्ही आहेच की! टीव्हीला आणि लॅपटॉपला एचडीएमआय नावाची जागा असेल, तर एका तारेने दोन्ही जोडता येतात. मग आजोबांना कीर्तन ३२ इंचांवर दिसते. त्यासाठी लॅपटॉपवर जास्त पैसे घालावे लागत नाहीत.

दुसरा आकडा : ठिपके

पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. दाराशी रांगोळी काढताना ठिपके जवळजवळ घातले की नक्षी बारीक येते. तसेच इथे आहे.

खोक्यावर १९२० गुणिले १०८० असे लिहिलेले शोधा. याला फुल एचडी म्हणतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. काही स्वस्त किंवा जुन्या यंत्रांवर १३६६ गुणिले ७६८ असते. त्याला नुसते एचडी म्हणतात. त्याचे ठिपके होतात १०,४९,०८८. म्हणजे निम्मेच! नावात एका शब्दाचा फरक, आणि डोळ्यांना दुपटीचा. मोठा पडदा आणि थोडे ठिपके असले, तर अक्षर फाटल्यासारखे दिसते.

दुकानात आणखी एक करा. पडद्याकडे समोरून पाहा, मग डावीकडून आणि उजवीकडून पाहा. बाजूने पाहताना रंग उडत असतील, तर तो पडदा चौघांनी मिळून पाहायच्या कामाचा नाही.

तिसरा आणि चौथा आकडा : खळे आणि कणगी

खोक्यावर जीबी हे माप दोनदा येते. लोक इथेच फसतात. दोन्ही निराळे आहेत.

एक आहे रॅम. रॅम म्हणजे खळे. खळ्यात धान्य कायम ठेवत नाहीत, तिथे मळणी चालते. खळे लहान असले तर काम अडते. आज घरगुती कामाला ८ जीबी रॅम हवी. चित्रफिती कापायच्या, जोडायच्या असतील तर १६ जीबी बरी. दुकानदाराला जरूर विचारा, "ही पुढं वाढवता येते का?" काही लॅपटॉपमध्ये रॅम कायमची जोडलेली असते. मग ती वाढत नाही.

दुसरी आहे साठवण. साठवण म्हणजे कणगी. धान्य इथे राहते. फोटो, हिशेब, गाणी सारे इथे असते. ५१२ जीबी पुष्कळ झाली. पण साठवणीच्या पुढे एसएसडी लिहिलेले आहे का, ते पाहा. जुन्या यंत्रांत फिरत्या तबकडीची साठवण असते. १ टीबी, म्हणजे सुमारे १००० जीबी, असा मोठा आकडा सांगून तशी यंत्रे विकतात. पण तबकडी मंद चालते आणि धक्क्याने बिघडते. मोठी पण गळकी कणगी काय कामाची?

पाचवा आकडा : मेंदूची पिढी

लॅपटॉपच्या मेंदूला प्रोसेसर म्हणतात. घरगुती कामाला इंटेलचा आय-३ किंवा आय-५, अथवा एएमडीचा रायझेन ३ किंवा ५ पुरतो. पण नुसते आय-५ ऐकून माना डोलवू नका. पुढचा आकडाही वाचा. आय-५ नंतर ६२०० असे असेल, तर तो सहाव्या पिढीचा, २०१५ साली आलेला मेंदू आहे.

वापरलेला लॅपटॉप घेताना हे फार महत्त्वाचे आहे. विंडोज १० या प्रणालीची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्यानंतरची विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढच्या मेंदूंवरच रीतसर चालते. जुने यंत्र अगदी टाकाऊ असते असे नाही. त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालता येते. पण मग भावही जुन्याचाच द्यावा.

बोलते, दिसते यंत्र

लिखाण, चित्र, चलचित्र आणि आवाज हे सारे एका यंत्रावर चालले, की त्याला मल्टिमीडिया म्हणतात. त्याची परीक्षा दुकानातच घ्या. गाणे लावा, आवाज फाटतो का ऐका. कॅमेरा सुरू करून आपला चेहरा पाहा. हिशेब लिहायचे असतील तर कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणे आहेत का, ते पाहा. लग्नाच्या जुन्या सीडी घरात असतील तर लक्षात ठेवा, बहुतेक नव्या लॅपटॉपना सीडीची जागा नसते. बाहेरून जोडायचा खण निराळा घ्यावा लागतो.

विजेचा हिशेब

१००० वॅट एक तास चालले की एक युनिट होते. लॅपटॉपच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिले असेल, तर पुऱ्या जोराने चालूनही एक युनिट १५ तास पुरते. टेबलावरचा संच १५० वॅट घेतो असे धरले, तर तेच युनिट साडेसहा तासांत संपते.

पैशाचा हिशेब

आता त्या ताईंची गोष्ट पुरी करू. दुकानात पहिल्याने जो लॅपटॉप दाखवला, तो बाकीच्यांपेक्षा चार हजारांनी स्वस्त होता. मुलीने खोके वाचले. त्यावर डॉस लिहिले होते. म्हणजे आत विंडोज नव्हते, ते वेगळे विकत घ्यावे लागले असते. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! मुलीने वाचले नसते, तर गटाच्या कर्जावर आणखी खर्च चढला असता.

शेवटी त्यांनी ४२ हजारांचा घेतला. १५.६ इंच, फुल एचडी, ८ जीबी रॅम आणि पुढे वाढवायला मोकळी जागा, ५१२ जीबी एसएसडी. उरलेल्या तीन हजारांत माऊस, स्टँड आणि टीव्हीची तार आली. जमलेल्या पैशांबाहेर एक पैसाही गेला नाही.

दुकानदार म्हणाला होता, "हप्ते करा ताई, बिनव्याजी." महिना ३,९०० रुपये, १२ महिने. ताईंनी तिथेच गुणाकार केला. ४६,८०० रुपये! मूळ किंमत ४२,०००. मग वरचे ४,८०० कशाचे? ताईंनी हप्ते केले नाहीत. नाव काहीही असो, हप्ता गुणिले महिने हा हिशेब आपण करावा.

"बिल नको, थोडं कमी करतो," असे कोणी म्हटले तर नाही म्हणा. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. ४५,००० च्या बिलात सुमारे ६,८६४ रुपये कराचे असतात. तो वाचवायच्या मोहात बिल गेले, की हमीही गेली. बिलावर यंत्राचा क्रमांक आणि तारीख आहे का पाहा. खोक्यावरचा क्रमांक आणि यंत्राखालचा क्रमांक एकच आहे का, तेही पाहा.

फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तिथे काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला आयोगात फी लागत नाही. पण हातात बिल पाहिजे.

घरी आणल्यावर

गोधडीवर, गादीवर लॅपटॉप ठेवू नका. हवा जायची छिद्रे बुजतात आणि यंत्र तापते. टेबलावर, डोळ्यांच्या उंचीला येईल असा ठेवा. चार्जर तीन पायांचा असेल तर सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्या. आकाशात विजा कडाडत असतील तेव्हा तार काढून ठेवा. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा. सदा टेबलावरच्या लॅपटॉपची बॅटरी त्याने जास्त टिकते.

लक्षात ठेवा

१. आधी कामाचा कागद, मग दुकान.
२. पडदा तिरपा मोजतात.
३. फुल एचडी आणि एचडी एक नव्हेत.
४. रॅम हे खळे, साठवण ही कणगी.
५. मेंदूचे नाव नव्हे, पिढी विचारा.
६. बिलाशिवाय खरेदी नाही.

अभ्यास

१. तुमच्या घरातल्या टीव्हीचा पडदा तिरपा मोजा. किती इंच भरला, ते वहीत लिहा.
२. महिना २,७५० रुपयांप्रमाणे १८ हप्ते भरले, तर एकूण किती रुपये होतील? वस्तूची किंमत ४४,००० असेल, तर जास्त किती गेले?
३. तुमच्या घरात लॅपटॉपवर कोण कोणते काम करील? त्याचा कागद तयार करा आणि घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा.