गावकीची भांडी आणि संगणकातली सामायिक लायब्ररी



आमच्या वर्गातल्या जुन्या संगणकावर उबुंटू २०.०४ आहे. गावातल्या एका कॉलेजच्या मुलाने पाढ्यांचा छोटा खेळ तयार करून पेन ड्राइव्हवर दिला. मुलं भोवती जमली, मी फाईल चालवली, पण खेळाऐवजी एकच ओळ आली. तिचा अर्थ असा, की ‘जीलिबसी २.३४’ ही आवृत्ती सापडत नाही. एक पालक म्हणाले, “मॅडम, ती फाईल नेटवरून घ्या आणि टाका की आत!”

मी ती टाकली नाही. का टाकली नाही, तेच आजच्या पाठात पाहू.

सामायिक लायब्ररी म्हणजे काय?

पूर्वी गावात लग्न असलं की प्रत्येक जण मोठे टोप विकत घेत नसे. देवळात गावकीची भांडी असत, ती सगळे वापरत. संगणकातही तसंच आहे. पडद्यावर लिहिणं, फाईल उघडणं अशी नेहमीची कामं प्रत्येक प्रोग्राम स्वतःजवळ ठेवत नाही. ती सामायिक लायब्ररीत असतात. मराठी जोडाक्षरं नीट जुळवून दाखवणारी हार्फबझ ही अशीच एक लायब्ररी. लिब्रेऑफिससारखे कितीतरी प्रोग्राम तिच्यावर अवलंबून असतात. जीलिबसी तर सगळ्यांच्या पायाशी. लायब्ररीतल्या एकेका कामाला नाव असतं, त्याला सिम्बॉल म्हणतात. सिम्बॉल म्हणजे आपल्या गोष्टीतलं एकेक भांडं.

यादी कशी ठेवतात?

डेबियन या लिनक्स प्रणालीत (उबुंटू तिच्यावरच उभी आहे, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ही) पूर्वी ढोबळ नोंद असे: ‘या लायब्ररीची अमुक आवृत्ती किंवा त्यापुढची हवी’. त्यामुळे ज्याला फक्त जुना झारा हवा, त्यालाही नवा संच आणावा लागे.

२००९ साली आलेल्या ‘लेनी’ आवृत्तीच्या सुमारास नोंद बारकाईने होऊ लागली. लायब्ररीच्या पॅकेजसोबत एक सिम्बॉल-यादी येते. कोणता सिम्बॉल कोणत्या आवृत्तीपासून आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. प्रोग्रामचं पॅकेज बांधताना एक साधन तो प्रोग्राम कोणकोणते सिम्बॉल मागतो ते पाहतं, यादीशी ताडतं आणि कमीत कमी कोणती आवृत्ती लागेल ते आपोआप लिहितं. यादीतला एखादा सिम्बॉल नव्या लायब्ररीतून गायब झाला, तर बांधणी तिथेच थांबते. भांडं काढून टाकायचंच असेल, तर लायब्ररीला नवा क्रमांक द्यायचा, म्हणजे जुना आणि नवा संच शेजारी शेजारी राहू शकतात.

यादीलाही न दिसणारी चूक

भांड्याचं नाव ‘माप’च राहिलं, पण आकार बदलला तर? ३२-बिट संगणकांत वेळेचा आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरून जातो. म्हणून २०२४ मध्ये डेबियनने ३२-बिट एआरएमसारख्या संगणकांसाठी तो ६४-बिटचा केला. सिम्बॉलची नावं तीच, माप मात्र वेगळं. नावांची यादी पाहून हे कळलं नसतं. म्हणून अशा शेकडो लायब्ररींच्या पॅकेजच्या नावापुढे ‘टी६४’ जोडावं लागलं. यंत्र नावं मोजतं, अर्थ माणसालाच तपासावा लागतो.

आमच्या खेळाचं काय झालं?

उबुंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे. मुलाने खेळ नव्या संगणकावर बांधला होता. जीलिबसी २.३४ मध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या सिम्बॉललाच नवी आवृत्ती मिळाली, म्हणून त्यानंतर बांधलेला अगदी साधा प्रोग्रामही तीच मागतो. खेळ पॅकेज म्हणून आला असता, तर बसवतानाच ‘चालणार नाही’ असं कळलं असतं. सुटी फाईल चालवल्यावरच तक्रार करते.

आणि जीलिबसीची फाईल हाताने बदलली असती तर? तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम, अगदी फाईल कॉपी करण्याची आज्ञासुद्धा, बंद पडू शकले असते. एका खेळासाठी वर्गाचा एकुलता संगणक गेला असता.

आम्ही मुलाकडून मूळ कोड मागवला आणि याच जुन्या संगणकावर बांधला. खेळ चालला. नियम साधा आहे: सगळ्यांना चालायला हवं असेल, तर सगळ्यात जुन्या संगणकावर बांधा.

वर्गकृती

तीन गट करा. पहिल्या गटाकडे भांड्यांच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर आणल्याचं वर्ष. दुसऱ्याकडे स्वयंपाकाच्या पाककृती. तिसऱ्याने प्रत्येक पाककृतीला कोणत्या वर्षापर्यंतचा संच पुरेल ते शोधायचं. मग गुपचूप एक चिठ्ठी काढून घ्या आणि विचारा, “आता कोणाचा स्वयंपाक अडला?” पाचवीची मुलं पाच मिनिटांत शोधतात, आणि पुढच्या वेळी पडद्यावरची ओळ वाचल्याशिवाय ‘टाका की आत’ म्हणत नाहीत.