आयडिया भारी आहे, पण पेटंट मिळेल का? याहू विरुद्ध रेडिफ प्रकरणातून शिका



व्हिडिओत आपण एक उदाहरण घेतलं होतं. समजा, काशीदमधल्या होमस्टेवाल्यांसाठी तुम्ही ॲप बनवलं. एक खोली रिकामी झाली की गटातल्या सगळ्यांना एकदम मेसेज जातो आणि जो जास्त कमिशन देईल त्याचं नाव वर दिसतं. आता पहिला प्रश्न येतो, "सर, याचं पेटंट घेऊ का?"

उत्तर देण्याआधी एक खरं प्रकरण बघू.

काय घडलं?
इंटरनेटवर सर्च केल्यावर पैसे मोजणाऱ्या जाहिरातदाराचं नाव वर दिसावं, अशा पद्धतीसाठी याहूने भारतात पेटंट मागितलं. आपल्या मुंबईच्या रेडिफने पेटंट मंजूर होण्याआधीच विरोध नोंदवला. पेटंट कार्यालयाने अर्ज नाकारला. याहू अपिलात गेली. डिसेंबर 2011 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळाने ते अपील फेटाळलं.

कारण काय?
पेटंट कायद्याचं कलम 3(के). धंदा करण्याची पद्धत, गणिती पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम यांना पेटंट नाही. मंडळ म्हणालं, पद्धत तांत्रिकदृष्ट्या हुशार असली तरी मुळात ती धंद्याचीच पद्धत आहे.

मग सगळ्याच सॉफ्टवेअरला दार बंद का? तसं नाही. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की शोधामुळे खरा तांत्रिक परिणाम होत असेल, तर त्याचा विचार व्हायला हवा. म्हणजे "जास्त कमिशन, वरचं नाव" याला पेटंट मिळणं अवघड. पण नेटवर्क कमजोर असतानाही गटाचा मेसेज कमी डेटात पोहोचवण्याची नवी तांत्रिक रीत शोधली असेल, तर वकिलाला दाखवा.

आता तुम्ही काय करायचं?

1. आधी अर्ज, मग गाजावाजा. व्हिडिओ टाकून शोध जगजाहीर केला की नवेपणा जाऊ शकतो. तात्पुरता अर्ज टाकला तर पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात.

2. खर्च समजून घ्या. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी 1600 रुपयांपासून आहे. परीक्षणाची फी आणि वकिलाचा खर्च वेगळा. आपल्यासाठी कार्यालय मुंबईत, अँटॉप हिलला.

3. नाव आणि कोड सांभाळा. ॲपच्या नावासाठी ट्रेडमार्क घ्या. कोडला कॉपीराइट आपोआप मिळतो.

4. मोठ्या कंपनीला घाबरू नका. अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतं. रेडिफने हेच हत्यार वापरलं.

5. अपिलाची मुदत चुकवू नका. ते मंडळ 2021 मध्ये बंद झालं. आता अपील उच्च न्यायालयात जातं, तेही साधारण 3 महिन्यांच्या आत.

साठवलेले पैसे पेटंटवर घालण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: माझ्याकडे नवं तंत्र आहे की धंद्याची नवी युक्ती? युक्ती असेल तर तोच पैसा ग्राहक जोडायला लावा.

तुमचं उत्तर कमेंटमध्ये लिहा, पण शोधाचा तपशील मात्र लिहू नका!