सेतूच्या रांगेत आधी उभी राहा

पोरी, तुझ्या नेमणुकीचं पत्र तुझ्या आईनं मला फोनवर दोनदा वाचून दाखवलं. 'संवाद व्यवस्थापक, तंत्रज्ञान धोरण कक्ष.' तिला वाटलं, तू आता सरकारी कचेऱ्यांतले संगणक दुरुस्त करणार. मी तिला काही समजावलं नाही. मीही तेहतीस वर्षं सरकारच्या बातम्या लिहिल्या, अर्धी नोकरी अकोल्यात, अर्धी अमरावतीत, आणि नात्यात अजून कुणाला माझं काम नीट सांगता येत नाही. "मामा पेपरात आहे," एवढ्यावर सगळं निभावलं. तुझंही तसंच होईल, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस.

तुझं काम मला दिसतं ते असं. मुंबईत काही ठरतं, ते एका ॲपमध्ये किंवा पोर्टलवर बसवलं जातं, आणि मग ते दर्यापूरच्या नाहीतर बार्शीटाकळीच्या माणसाला कळावं लागतं. मधली वाट तुझी. ही वाट लोकांना एकाच दिशेची वाटते, तीच पहिली चूक. खालून वर जाणाऱ्या प्रश्नांचा पगार तुला जास्त मिळतो आहे असं समज.

म्हणून पहिल्या आठवड्यात टेबलावर बसू नकोस. कुठल्याही तालुक्याच्या सेतूत जा. कागदोपत्री त्याला आता 'आपले सरकार सेवा केंद्र' म्हणतात, पण वऱ्हाडात कुणी "सेवा केंद्रात जाऊन येतो" म्हणताना ऐकलंस तर मला कळव. रांगेत उभी राहा, ओळख सांगू नकोस, दोन तास ऐक. अंगठा लागत नाही म्हणून परत चाललेली म्हातारी, आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरं नाव असलेला माणूस, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जातो आणि मुलगा पुण्यात, हे सगळं तुला तिथं दिसेल. मग टेबलावर येऊन प्रेसनोट लिही. तुझी वाक्यं आपोआप बदललेली असतील.

भाषेचं बोलतो, कारण तिथंच आमच्या लोकांची जास्त फजिती होते. शेतकऱ्यांच्या डिजिटल नोंदणीसाठीचा अ‍ॅग्रीस्टॅक हा शब्द घे. वरून आलेल्या प्रत्येक कागदावर तो आहे. पण शेतकऱ्याला लागतो तो 'शेतकरी ओळख क्रमांक'. मथळ्यात हाच शब्द घाल, अ‍ॅग्रीस्टॅक खाली कुठंतरी एकदा येऊ दे. 2024 मध्ये तलाठ्याचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झालं. कागदावर नवं नाव लिहावंच लागेल, ते चुकवू नकोस. पण गावात बोलताना तलाठी म्हण, आणि आपल्या भागात तर पटवारी म्हण. "ग्राम महसूल अधिकाऱ्यांशी संपर्क साधावा" असं वाचून म्हातारा विचारतो, "हा कोन नवा साहेब आला बाप्पा?"

आता ई-पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर सुरू झाली. वावरात उभं राहून शेतकऱ्यानं स्वतः पिकाचा फोटो काढायचा, मोबाइल जागेचे अक्षांश-रेखांश टिपतो, आणि नोंद सातबाऱ्यावर जाते. पूर्वी हे काम पटवारी करायचा, बहुतेकदा कसं करायचा ते तुझ्या आजोबांना विचार. कल्पना उत्तम. पण पहिल्या दिवसांत जे माहितीपत्रक निघालं, तसली पत्रकं मी जन्मभर लिहिली आहेत: उद्दिष्टे, वैशिष्ट्ये, फायदे, संकल्पना. शेतकऱ्याचे प्रश्न वेगळे होते. "वावरात रेंज नाही, फोटो कसा जाईल?" "चुकून तुरीच्या जागी सोयाबीन दाबलं, आता?" "माझ्याजवळ साधा फोन आहे." या तिन्हींची उत्तरं होती. फोटो तिथं काढून रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. पुढच्या आवृत्तीत तर 48 तासांच्या आत एकदा दुरुस्तीची सोय आली. एकाच मोबाइलवरून दुसऱ्यांचीही नोंद करता येते. उत्तरं असूनही ती सातव्या-आठव्या मुद्द्यात गाडलेली. तू उलटं कर. भीती आधी लिही, उत्तर लगेच खाली, फायदे शेवटी. फायदे नाही लिहिले तरी चालतं. सातबारा कशाला लागतो ते वऱ्हाडातल्या माणसाला शिकवायची गरज नाही.

मुदतीच्या बाबतीत फार कडक राहा. पीकविम्यात नुकसानीची सूचना 72 तासांत द्यायची असा नियम होता. शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्या सबंध योजनेतला सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच होता. अशी मुदत केव्हापासून मोजायची, कुठं कळवायचं, पावती काय मिळते, या तीन गोष्टी पहिल्या चार ओळींत नसतील तर ती प्रेसनोट फाडून टाक. 'लवकरच', 'तात्काळ', 'टप्प्याटप्प्याने' हे शब्द माझ्या हातून हजारदा गेले. एकदा मी 'तात्काळ जमा होणार' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस बँकेचं पासबुक घेऊन थेट माझ्या कचेरीत आला आणि नम्रपणे म्हणाला, "साहेब, तात्काळ झालं का?" पैसे चार महिन्यांनी आले. त्या चार महिन्यांत तो सहादा आला. दर वेळी तितक्याच नम्रपणे.

हेल्पलाइनचा नंबर छापण्याआधी स्वतः लावून बघ, आणि तोही सोमवारी सकाळी अकराला.

हरिसालचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. धारणी तालुक्यातलं, मेळघाटच्या जंगलातलं ते गाव तुला माहीत आहे, लहानपणी आपण तिथं चहाला थांबलो होतो. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढं आणलं. इंटरनेट, दूरवरून डॉक्टरांचा सल्ला, शाळेत डिजिटल वर्ग अशा गोष्टी तिथं आल्या. आल्या हे खरं. त्या जंगलात त्या टिकवणं किती अवघड, हेही तितकंच खरं. पण जाहिरातीत फक्त पहिलं खरं आलं. मग 2019 च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी भर सभेत हरिसालचा व्हिडिओ लावला, जाहिरातीत झळकलेला गावातला तरुणच मंचावर आणला, आणि 'डिजिटल गाव' हा दोन्ही बाजूंनी ओढायचा दोर झाला. राजकारण कुणाचं बरोबर, ते आपल्या कामाचं नाही. आपल्या कामाचं एवढंच की त्या ओढाताणीत गावात खरोखर काय चालू आहे आणि काय बंद आहे, हे कुणी ऐकूनच घेईना.

त्यातून मी दोन गोष्टी गाठीला बांधल्या. कुणा लाभार्थ्याचा फोटो जाहिरातीत घालायचा तर आधी त्याला काय छापणार आहोत ते वाचून दाखव, त्याच्या भाषेत. आणि सहा महिन्यांनी त्याच्या घरी परत जा. तेव्हा सेवा बंद असेल तर ते तूच आधी वर लेखी कळव. साहेबांना राग येईल. विरोधकांच्या व्हिडिओतून कळण्यापेक्षा तुझ्या टिपणातून कळलेलं त्यांना नंतर बरं वाटतं. नंतर म्हणजे पुष्कळ नंतर. दुसरी गोष्ट, 'पहिले' हा शब्द जपून वापर. देशातलं पहिलं, राज्यातलं पहिलं म्हटलं की लोक उणं शोधायला येतात. 'इथं इतक्या घरांत नेट चालतं, बाकीच्या ठिकाणी अजून नाही' या वाक्यावर कुणी सभा घेत नाही.

मेळघाटाचंच आणखी एक. तिथल्या कोरकू आदिवासींची भाषा मराठीची बहीण नाही, तिचं कूळच मुंडा भाषांचं. मराठी पत्रक साध्या मराठीत लिहिलं म्हणजे काम झालं असं तिथं समजू नकोस. गावातल्या आशाताईकडून कोरकूत दीड मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून घे. आधी तिला ॲप स्वतः वापरू दे, मग तिला समजलं तसं बोलू दे. तू लिहून दिलेलं वाचायला लावशील तर ती तुझ्यासारखीच बोलेल, म्हणजे कुणालाच कळणार नाही.

आता पत्रकार. मुंबईत पत्रकार परिषद होते, आपल्याकडे पत्रपरिषद. 'देशोन्नती', 'मातृभूमी', 'हिंदुस्थान', 'जनमाध्यम' यांच्या तालुक्याच्या वार्ताहरांना ओळखून ठेव. यातले पुष्कळ जण दुकान नाहीतर शेती सांभाळून बातम्या देतात, आणि पोर्टल बंद पडलं हे त्यांना तुझ्या कक्षाच्या आधी कळतं. त्यांचा फोन आला तर "माहिती घेऊन सांगते" म्हणावं, पण कधी सांगणार ती वेळही सांगावी, आणि काही मिळालं नसलं तरी त्या वेळेला फोन करावाच. खुलासा पाठवायची घाई करू नकोस. बातमी चूक असेल तरच खुलासा. बातमी बरोबर आणि झोंबणारी असेल तर दुरुस्ती करून घे आणि दुरुस्ती झाल्याची बातमी त्याच वार्ताहराला दे.

आकडे देताना 'नोंदणी' आणि 'लाभ' यांची सरमिसळ करू नकोस. 2017 च्या कर्जमाफीत अर्ज ऑनलाइन भरायचे होते. किती अर्ज आले याचे आकडे रोज पुढं येत होते, आणि शेतकरी बँकेत जाऊन विचारत होता, माझं नाव पात्र शेतकऱ्यांच्या हिरव्या यादीत आहे का. दिवाळीच्या तोंडावर प्रमाणपत्रं वाटली गेली आणि याद्यांतला घोळ नंतर निस्तरत बसावा लागला. 2019 च्या डिसेंबरात दुसरी कर्जमुक्ती जाहीर झाली, तेव्हा आधी यादी, मग आधार प्रमाणीकरण, मग पैसे असा क्रम ठेवला. रक्कम पटत नसेल तर तिथंच तक्रार. सांगायला ते सोपं गेलं, कारण मुळात रचनाच सांगता येण्यासारखी होती. धोरणाच्या बैठकीत तुला बोलावलं, तर हेच बोल: जे मला चार ओळींत सांगता येत नाही, ते सेतूवाल्यालाही करता येणार नाही. बैठकीत बोलावत नसतील तर चहा घ्यायच्या निमित्तानं जाऊन बस.

आकड्यांवरून आठवलं. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं, गिनीजमध्ये नोंद झाली, बातमी जगभर गेली. मूर्तिजापूरच्या चहाच्या टपरीवर मात्र एकच प्रश्न होता: "आता अकोल्याले कितीक वेळ लागते?" विक्रम छाप, पण टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या वर छाप.

नेट बंद पडण्याची तयारी ठेव. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दंगल उसळली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे 2023 मध्ये समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून अकोल्यात तसंच झालं. आमच्या खात्यातल्या नव्या मुलांचं सगळं काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. ग्रुप मुका झाला आणि त्यांच्याकडे कुणाचा नंबर पाठ नव्हता, की वहीत लिहिलेला नव्हता. तंत्रज्ञानाच्या कक्षात बसणाऱ्या माणसानं कागदाची वही ठेवावी हे ऐकून तू हसशील. ठेव तरीही. आकाशवाणीची अमरावती आणि अकोला केंद्रं, पोलीस पाटील, सरपंच, कोतवाल, वार्ताहर. अफवेचं खंडन करताना अफवाच मथळ्यात छापू नकोस. जे खरं आहे तेच मोठ्या अक्षरात लिही. अफवा आपण होऊन उच्चारू नये.

हल्ली आणखी एक पीडा आली आहे. योजनेच्या नावानं एपीके फाइल व्हॉट्सॲपवर फिरते, शेतकरी दाबतो आणि खातं रिकामं होतं. म्हणून तुझा संदेश आणि चोराचा संदेश सारखा दिसता कामा नये. 'त्वरित क्लिक करा', 'शेवटची संधी', लाल बाण, सहा उद्गारचिन्हं ही चोराची शैली आहे, आणि खेदानं सांगतो, पुष्कळदा आमचीही होती. तू लिंक कमी दे, सेतूचं नाव जास्त दे. फाइल कधीच पाठवू नकोस, आणि आम्ही फाइल पाठवत नाही हे प्रत्येक संदेशात लिही. फसवणूक झाली तर 1930 हा नंबर, हेही लिही.

मजकूर युनिकोडमध्ये पाठव. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये पाठवलेली माझी एक अख्खी प्रेसनोट समोर किड्या-मुंग्या होऊन उघडली होती. आणि फोटोवर मजकूर चिकटवून पाठवायची जी पद्धत पडली आहे ती मोड. ज्याला दिसत नाही त्याचा मोबाइल तो वाचून दाखवू शकत नाही, आणि ज्याला दिसतं त्याला त्यातला नंबर उचलून घेता येत नाही. पालकमंत्र्यांचा फोटो मोठा हवा असा आग्रह होईल. फोटो ठेव, मजकूर खाली वेगळा पाठव. या लढाईत जीव घालू नकोस.

सांगण्याची कला कुणाकडून शिकायची असं विचारशील, तर व्यवस्थापनाच्या पुस्तकांआधी गाडगेबाबांकडे बघ. शेंडगावचा तो माणूस कीर्तनात सांगायचा कमी, विचारायचा जास्त. समोरच्यांना साधा प्रश्न, त्यांच्याच बोलीत; उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं, आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न. माणसं घरी जायची ती आपलं स्वतःचं उत्तर घेऊन. ग्रामसभेत तुला दहा मिनिटं मिळतील. सात मिनिटं विचार, तीन मिनिटं सांग. स्लाइड दाखवू नकोस. एका शेतकऱ्याचा मोबाइल घे आणि त्याच्याच हातून त्याची नोंद करून दाखव. कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीला अकोल्यात लोक लोटतात ते भाषणाला नाही, उभं पीक बघायला.

तुझ्या आईजवळ मी एक पिशवी पाठवली आहे. त्यात माझी नंबरांची वही आहे. निम्मे नंबर बंद झाले असतील, काही माणसंही राहिली नाहीत, पण धारणी, चिखलदरा, दर्यापूर आणि मूर्तिजापूरची पानं मी परवा बसून फोन लावून तपासली आहेत. तू येणार असल्याचं सांगून ठेवलं आहे. धारणीवाल्यांना आधी फोन करजो, त्यांच्याकडे रेंज फक्त संध्याकाळी असते.