घोड्याच्या टापेतील गळू : उपचार व निगा

रात्री दाणावैरण खाऊन शांत उभा असलेला घोडा सकाळी तीन पायांवर उभा दिसतो. चौथ्या पायाचे केवळ टोक जमिनीस टेकलेले असते. पाय मोडला, अशीच मालकाची प्रथम समजूत होते. माथेरानसारख्या, मोटारींना बंदी असलेल्या गिरिस्थानी पर्यटकांना फिरविणारा अश्वपाल असो, की तट्टावर बिऱ्हाड लादून मेंढरांसह रानोमाळ हिंडणारा धनगर असो, त्याचा रोजचा व्यवहार त्या क्षणी थांबतो. परंतु अशा आकस्मिक लंगडेपणाचे एक अत्यंत सामान्य कारण टापेत साठलेला पू हे असून, वेळीच उपचार झाल्यास घोडा बहुधा पूर्ण बरा होतो.

टापेची भिंत व तळवा शिंगासारख्या कठीण द्रव्याचे असतात. त्यांच्या आत रक्तवाहिन्यांनी भरलेला नाजूक, जिवंत थर असतो. कातडीखालील गळू फुगू शकते. टापेत पुवाला फुगावयास जागाच नसते. वेदना इतकी तीव्र असते ती यामुळेच. पावसाळ्यात चिखल व लिदीच्या ओलीने टाप मऊ पडते, पुढे ती वाळून तडकते आणि त्या फटींतून जंतू आत शिरतात. अणकुचीदार खडा किंवा नाल ठोकताना जिवंत थरास लागलेला खिळा, हीही नेहमीची कारणे होत.

रोगी टाप हातास गरम लागते. घोट्याच्या मागील बाजूस बोटे ठेवल्यास नाडी जोराने उडत असल्याचे जाणवते. कधी सूज वर घोट्यापर्यंत चढते व मालक खांद्याचा किंवा शिरेचा दोष समजून तेथे तेल चोळतो. काही ठिकाणी तर तापल्या लोखंडाने डागही देतात. मुक्या जनावरास हा दुहेरी छळ होय. दुखणे टापेत असताना खांद्यावर डाग देऊन काहीही साधत नाही. लंगड्या घोड्याची टाप आधी पाहावी, हा नियम प्रत्येक अश्वपालाने लक्षात ठेवावा.

उपचाराचे मर्म पुवाला वाट करून देण्यात आहे. पशुवैद्य चिमट्याने टाप दाबून दुखरी जागा शोधतात आणि तेथील काळसर रेषेच्या मागाने बेताचे छिद्र पाडतात. करडा वा काळा, दुर्गंधी पू बाहेर पडताच घोड्यास पुष्कळदा एका दिवसात आराम वाटतो. छिद्र मोठे करण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातून आतील जिवंत भाग बाहेर येतो व जखम लांबते. हे काम मालकाने स्वतः कोयता घेऊन करू नये. पू न निघाल्यास तो टापेच्या वरच्या कडेने, केसांच्या सीमेवर फुटतो.

त्यानंतर कोमट पाण्यात एप्सम मीठ विरघळवून टाप काही काळ बुडवावी, पोटीस बांधावे आणि वरून स्वच्छ कापूस व जाड पट्टी गुंडाळून पाणी आत न शिरेल अशी व्यवस्था करावी. पट्टी रोज बदलावी व घोडा कोरड्या जागी बांधावा. घोडा धनुर्वातास फार लवकर बळी पडतो. म्हणून त्याची प्रतिबंधक लस दिलेली आहे की नाही, हे पशुवैद्यास आवर्जून सांगावे. केवळ प्रतिजैविके टोचून आत कोंडलेला पू जात नाही. वेदनाशामकही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. गिधाडांना घातक ठरलेल्या डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर आपल्या देशात २००६ पासून बंदी आहे.

तळव्यात खिळा रुतलेला दिसल्यास, विशेषतः मधल्या त्रिकोणी मऊ भागात, तो घाईने उपटू नये. तो किती खोल व कोणत्या दिशेने गेला आहे, हे पशुवैद्यास पाहता आले पाहिजे, कारण त्या भागाच्या वर सांधा असतो. खिळा अधिक आत जाऊ नये म्हणून घोड्यास चालवू नये.

टाप महिन्याला सुमारे ८ ते १० मिलिमीटर वाढते. तेव्हा छिद्र भरून येण्यास काही महिने लागतात. वेदना थांबली म्हणून लगेच घोडा कामास जुंपणे हे मालकाच्या अडचणीचे, पण घातक धोरण आहे. रोज टाप खरवडून साफ करणे आणि सुमारे ६ आठवड्यांनी नाल बदलणे, एवढ्याने बरेचसे दुखणे टळते. जेथे घोडी अधिक आहेत तेथील ग्रामपंचायतींनी नालबंदाची नियमित फेरी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याचे शिबिर पावसाळ्यापूर्वी ठरवावे, आणि फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा १९६२ हा क्रमांक तबेल्याच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घ्यावा.